पहिला घोट वानखडे सरांचा

आमच्या शेजारचे वानखडे सर कोणालाही कडुनिंबाचा काढा पाजतात, पण स्वतः प्यायल्याशिवाय नाही. दोन ग्लास घेऊन येतात. "आंधी मी!" म्हणून आपला घटाघटा रिचवतात, ओठ पुसतात आणि मग दुसरा पुढे करतात. दूधवाल्याला खोकला झाला तरी काढा सरांच्या पोटात. अख्ख्या कॉलनीची दुखणी त्या बिचाऱ्या पोटाने भोगली आहेत.

सर इथेच अमरावतीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. आता त्यांचा वर्ग आमच्या फाटकापाशी भरतो. "झाडाले पळता येते का? नाई येत. मंग किडा खायाले आला त काय करन? कडू होते! ते त्याचं हत्यार हाये. आपन तेच उसनं आनतो." पळसपापडीने, म्हणजे पळसाच्या बीने, पोटातले जंत कसे लुळे पडून बाहेर येतात, हे त्यांनी आम्हाला शेवयांची खीर खाताना सांगितलं होतं. खीर तशीच राहिली.

म्हणून मेळघाटातल्या मामाकडून परतलेली माझी सई तापाने फणफणली, तेव्हा मी आधी दाराला कडी घातली. आठ वर्षांच्या जिवावर प्रयोग नकोत. पण गोधड्यांखाली पोर कुडकुडत होती आणि नवरा अकोल्याला गेलेला. सर मागच्या दाराने आलेच. दोन्ही हातांत ग्लास.

मी ओरडणार, तोच त्यांनी एक ग्लास खाली ठेवून सईच्या कपाळाला हात लावला.

"काढा नोको. रक्त तपासा लागते. मी ऑटो आनतो, उठ बाई!"

घाईत दुसरा ग्लास त्यांच्या हातातच राहिला. ऑटोत सांडून सांडून अर्धा उरला. रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहत दवाखान्यात बसलो, तरी तो सुटेना.

"सर, टाका ना तो आता," मी चिडून म्हणाले.

त्यांनी ग्लास आणखी जवळ धरला. मग म्हणाले, "माह्या नलूले असाच थंडीताप आलता. एकच पोरगी होती मले. मले आपल्या झाडाचा लय भरोसा. दवाखान्यात नेलंच नाई. 'बाबा, लय कडू हाये, नोका ना देऊ,' म्हने. म्या म्हनलं, गपचूप पे. अन् मी सोता एक घोटबी चाखला नोता व."

सरांना मुलगी होती, हेच मला माहीत नव्हतं.

रिपोर्ट आला. मलेरिया. सिस्टर औषध घेऊन आल्या, तर सरांनी पाकीट डोळ्यांजवळ धरलं. "हेबी झाडातूनच आलं! दवन्याच्या गोतातलं. पन पारखून, मोजून देल्लं. माह्यासारखं अंदाजानं नाई." आणि सवयीने हात पुढे केला, "आंधी मी!"

"आजोबा, पेशंट कोण आहे?" सिस्टर डाफरल्या.

हात मागे गेला. सईने गोळी जिभेवर घेतली आणि तोंड वाकडं केलं. सर तिच्याजवळ वाकले.

"लय कडू हाये का व, पोरी?"

तिने मान हलवली.

"मंग मीबी पेतो," म्हणाले, आणि त्यांनी तो अर्धा ग्लास तोंडाला लावला.