पिवळ्या दाण्याची कबुली

खंडेनवमीच्या सकाळी गुजरातेतल्या भेस्तानच्या सुंदराबाईंनी घरातल्या समस्त अवजारांची यथासांग पूजा केली, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन दसऱ्याला, त्यांपैकी एक अवजार फुटलेलं निघालं. पूजेला बसलेल्यांत धागे कापायच्या चार कात्र्या होत्या, शिलाई मशीन होतं, मुलगा भाईदासचा लूमवरचा पाना होता आणि यंदा पहिल्यांदाच नात हर्षदाचा लॅपटॉप होता. कात्र्यांना काही झालं नाही. पान्याला काय होणार? लॅपटॉपच्या काचेला मात्र खालच्या कोपऱ्यातून वर तडा गेला होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना जांभळी शाई सांडल्यासारखी पसरली होती.

सुंदराबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती. पण साडीच्या बाबतीत त्यांच्यापुढे शिकलेल्यांनी तोंड उघडू नये. मिलमधून साड्यांचे गठ्ठे त्यांच्या ओट्यावर येत, गल्लीतल्या बाया लोंबते धागे कापत, आणि प्रत्येक साडी सुंदराबाईंच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय परत जात नसे. उजेडावर धरली की त्या सांगत, हे भोक लूमचं, हे कात्रीचं, हे खिळ्याचं आणि हे उंदराचं. लूमचं असलं तर मिलच्या मॅनेजरशी तीन-तीन तास भांडत आणि जिंकून येत. कात्रीचं असलं तर त्या बाईच्या सात पिढ्या ओट्यावर निघत. पण एकाचं भोक दुसऱ्याच्या नावावर त्यांनी चाळीस वर्षांत टाकलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता, आणि तो लपवून ठेवण्याइतक्या त्या शिकलेल्या नव्हत्या.

हर्षदा कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढायला शिकली होती. जवळच्या सचिन गावातल्या एका प्रिंटिंग मिलनं तिला कबूल केलं होतं की वसुबारसेच्या आत दहा डिझाइनं दे, पसंत पडली तर दिवाळीनंतर कामावर ये. चार झाली होती. उरलेली सहा फुटक्या काचेमागे अडकली. शेजाऱ्यांचा टीव्ही जोडून पाहिला, पण त्यावर राणी रंग विटकरी दिसे आणि मोरपिशी साफ काळा. विटकरी शालू नेसून कोणती नवरी बोहल्यावर चढणार?

लॅपटॉपला वॉरंटी होती. शिवाय दुकानदारानं आग्रहानं गळ्यात घातलेली 'संपूर्ण निश्चिंतता योजना' होती. त्या योजनेच्या कागदावर एक कुटुंब हिरवळीवर बसून कारणाशिवाय हसत होतं. तो कागद, लॅपटॉप आणि नात घेऊन सुंदराबाई दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात पोचल्या.

तिथं रांग होती आणि रांगेत एकच वाक्य बोललं जात होतं. एका कापडवाल्याचा लॅपटॉप टेम्पोखाली गेला होता, काचेवर टायरच्या नक्षीची उजवी बाजू स्पष्ट उमटली होती. तो म्हणाला, सकाळी उघडला तर असाच होता. एका मास्तरांचा लॅपटॉप अजून ठिबकत होता. सकाळी उघडला तर असाच होता. काउंटरवरचे कुंदनभाई प्रत्येकाला नम्रपणे पाणी विचारत आणि प्रत्येकाच्या कागदावर 'ग्राहककृत हानी' असा शिक्का मारत. शिक्का आधी आणि तपासणी नंतर, अशी तिथली शिस्त होती, त्यामुळे तपासणीचा बराच वेळ वाचे.

"बोलो बा, शुं थयुं?" कुंदनभाईंनी गुजरातीत विचारलं, काय झालं.

हर्षदानं आजीचा पदर ओढला. रस्ताभर तिनं तेच वाक्य पढवलं होतं. सुंदराबाईंनी पदर सोडवून घेतला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. लॅपटॉप पाटावर ठेवला. वर झेंडूचं फूल वाहिलं. उघडून अक्षता टाकल्या, फुंकरीनं उडवल्या, मिटवला. दुसऱ्या दिवशी उघडला तर फुटलेला.

कुंदनभाईंचा शिक्का हवेत थांबला. नोकरीच्या अकरा वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यांनी आतून दोघा सहकाऱ्यांना बोलावलं आणि सुंदराबाईंना पुन्हा सांगायला लावलं. खरं बोलणाऱ्या ग्राहकाचा फॉर्म शोधण्यात अर्धा तास गेला. तो सापडला तेव्हा त्याच्यावर जुन्या कंपनीचं नाव होतं.

मग निश्चिंतता योजनेचं वाचन झालं. योजनेत अपघात बसत होता. अपघात म्हणजे जे ठरवून केलेलं नाही ते.

"पूजा तुम्ही ठरवून केली का, बा?"

"मग काय चुकून करतात?"

कुंदनभाईंनी लिहिलं, हेतुपुरस्सर.

"दरवर्षी करता?"

"माझी सासू करायची. तिची सासू करायची."

कुंदनभाईंनी लिहिलं, वारंवार, संघटितपणे, तीन पिढ्या.

मांजरीनं पाडला असता तर, असं हर्षदानं हळूच विचारलं. कुंदनभाईंचा चेहरा उजळला. मांजर चालते, ते म्हणाले, मांजर पान सातवर आहे. घरात मांजर आहे का?

"आहे," सुंदराबाई म्हणाल्या. "पण ती त्या दिवशी पूजेला बसली नव्हती."

लॅपटॉप तपासणीसाठी तिथंच ठेवून बाहेर आल्यावर हर्षदा रडली. एका मांजरीचं नाव घ्यायला काय जात होतं, मोठीमाय? तिनं आजीला विचारलं. सुंदराबाई रिक्षात ताठ बसून राहिल्या. दुसऱ्यांचं खोटं उजेडावर धरून धरून ज्या डोळ्यांचे नंबर वाढले, त्या डोळ्यांनी मांजरीवर आळ घ्यायचा? त्यांनी नातीला सांगितलं की कंपनी मोठी आहे, मोठ्या माणसांना खरं लवकर कळतं. ही चूक त्यांच्या शिक्षणाला शोभणारी होती.

मुख्य कार्यालयाकडून चार दिवसांनी पत्र आलं. सदर विधीत ज्योत किती अंतरावर होती, तांदूळ शिजवलेला होता की कच्चा, आणि ज्या देवतेप्रीत्यर्थ विधी झाला त्या देवतेचा या घटनेबाबत काही अभिप्राय आहे काय, अशी विचारणा होती. सुंदराबाईंनी हर्षदाकडून तिन्हींची उत्तरं लिहून घेतली. देवीला विचारून कळवते, असं तिसऱ्याचं उत्तर होतं. त्यावर कार्यालयानं पोच पाठवली आणि देवीच्या उत्तरासाठी सात दिवसांची मुदत दिली. वसुबारस अकरा दिवसांवर आली होती.

मुदत संपल्यावर अहवाल तयार झाला. त्यात काचेच्या कडेशी सापडलेल्या एका वस्तूचा मोठा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, परकीय पदार्थ, तांदूळ, नग एक. कुंदनभाईंनी तो दिलगिरीनं पुढे सरकवला. नग एक सापडल्यावर वरचं कोर्टही काही करू शकणार नाही, असा त्यांचा चेहरा होता.

सुंदराबाईंनी कागद उचलला आणि सवयीनं दिव्याच्या उजेडावर धरला. बराच वेळ धरला. रांगेतले लोक पाहू लागले.

"हाऊ दाना मना नही," त्या घरच्या बोलीत म्हणाल्या, हा दाणा माझा नाही.

त्यांच्या अक्षता कुंकवाच्या, लाल. तांदूळ गावाकडचा, आखूड आणि जाडा. फोटोतला दाणा लांबलचक, बारीक आणि हळदीनं पिवळा. एवढं सांगून त्यांनी हनुवटीनं काउंटरमागे खूण केली. तिथं तपासणीच्या टेबलावरच्या भिंगाच्या यंत्राला सुकलेल्या झेंडूचा हार होता. यंत्राच्या कपाळावर स्वस्तिक होतं. आणि पायाशी, स्क्रूंच्या डबीत, लॅपटॉप उघडून ठेवतात त्या रबराच्या चटईवर, दसऱ्याला सर्व्हिस सेंटरनं भक्तिभावानं उधळलेले लांबलचक पिवळे दाणे पडलेले होते.

मास्तर हसले. कापडवालाही हसला. हसता हसता दोघांनी आपापले अहवाल पुन्हा उघडून पाहिले, आणि मग हसायचे थांबले.

सुंदराबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कात्रीच्या भोकात धागे तुटलेले असतात, त्यांनी कुंदनभाईंना समजावलं, आणि लूमच्या भोकात धागे मुळात आलेलेच नसतात. बोट लावून त्यांनी दाखवलं की हा तडा बिजागरीच्या स्क्रूपासून निघालाय, स्क्रू तिरका बसलाय, म्हणजे हे भोक लूमचं. जन्मतःचं. तुमच्या घरचं.

कुंदनभाईंनी सगळं प्रामाणिकपणे वर कळवलं, कारण रांगेतल्या दोघांनी त्याचं चित्रीकरण केलं होतं. कार्यालयाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. इतक्या तातडीनं कंपनी फक्त स्वतःच्या संकटात धावते. उत्तर असं होतं. सदर दाणा ग्राहकाचा नसल्यास हानीचं कारण उरत नाही. कारणाशिवाय हानी होऊ शकत नाही. सबब हानी झालेली नाही. लॅपटॉपवर 'तपासून योग्य आढळला' अशी हिरवी चिठ्ठी चिकटवून तो परत देण्यात यावा.

"तडा दिसत नाही तुम्हाला?" हर्षदानं विचारलं.

"मला दिसतो, बेन," कुंदनभाई म्हणाले. "सिस्टीमला दिसत नाही."

हिरवी चिठ्ठी त्यांनी तड्यावरच चिकटवली होती, त्यामुळे खरंतर आता निम्माच दिसत होता. वसुबारस तीन दिवसांवर आली होती. हर्षदा लॅपटॉप पिशवीत भरू लागली. ती तो इतक्या जपून भरत होती, की सुंदराबाईंना तिच्याकडे पाहवेना.

तेव्हा कुंदनभाई काउंटरच्या आतून बाहेर आले आणि जन्मात पहिल्यांदा त्या सेंटरात गुजराती सोडून घरच्या बोलीत बोलले. "मोठीमाय, मनी नोकरी जाई."

ते सुंदराबाईंच्याच मुलखातले, धरणगावकडचे निघाले. टेबल पुसायचं काम त्यांच्याकडे होतं. दाणा सेंटरचा ठरला, तर आजवरचे सगळे अहवाल उकरले जातील आणि पुसणारा सापडेल. पण एक वाट होती. कंपनीत 'प्रामाणिक ग्राहक सन्मान' नावाची सोय होती. जो ग्राहक आपली चूक लेखी कबूल करेल, त्याला कंपनी मोठ्या मनानं एकदा काच बदलून देते. आजवर कोणी कबूल केलंच नव्हतं, त्यामुळे सगळे सन्मान शिल्लक होते. दाणा माझा, एवढं लिहून द्यायचं. काच उद्या.

सुंदराबाईंनी नीट समजून घेतलं. "खरं सांगितलं तर काच नाही."

"नाही."

"हे रांगेतले खोटं सांगतात, त्यांना?"

"त्यांनाही नाही."

"मग मिळते कोणाला?"

"आम्ही सांगू ते खोटं जो सांगेल त्याला," कुंदनभाई खाली मान घालून म्हणाले.

सुंदराबाईंनी पेन मागितलं. दुसरीच्या अक्षरांत, एकेक अक्षर गिरवत, त्यांनी लिहिलं की पिवळा दाणा माझा आहे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याचं भोक स्वतःच्या नावावर घेतलं, आणि एकही अक्षर चुकलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. काच बदलली. प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र मिळालं, शाल मिळाली, कुंदनभाईंबरोबर फोटो निघाला. प्रशस्तिपत्र त्यांनी पिठाच्या डब्याखाली घातलं. डबा डुगडुगायचा, तो थांबला.

हर्षदानं दोन रात्री जागून सहा डिझाइनं पुरी केली. दहाव्याला काही सुचेना, तेव्हा तिनं त्या तड्याचंच चित्र काढलं, राणी रंगावर आडवीतिडवी रेघ आणि दोन्ही अंगांना सांडलेली जांभळी शाई. मिलला तेच सगळ्यांत आवडलं. दिवाळीनंतर ती कामावर गेली आणि त्याच डिझाइनच्या साड्यांचे गठ्ठे आजीच्या ओट्यावर येऊ लागले.

एक दिवस गल्लीतली अनुसया त्यातली एक साडी घेऊन आली. निऱ्यांच्या जागी भोक होतं. गठ्ठ्यातूनच असं आलंय, ती म्हणाली. सुंदराबाईंनी साडी उजेडावर धरली. धागे मुळात आलेलेच नव्हते. लूमचं भोक, मिलचं. म्हणजे मॅनेजरशी तीन तास भांडण, आणि त्याच मिलमध्ये आता नात कामाला. त्यांनी साडी खाली ठेवली, आत जाऊन हर्षदाची एक जुनी वही आणली आणि कोऱ्या पानावर बोट ठेवलं.

"इथं सही कर. भोक तुझं म्हण. मग मी मोठ्या मनानं माफ करते."

अनुसया बघतच राहिली. "पण मावशी, हे लूमचं आहे. तुम्हीच तर ओळखायला शिकवलं."

"ओळखायला शिकवलं. बोलायला कुठं शिकवलं?"

अनुसयानं सही केली. वहीचं पहिलं पान महिन्याभरात भरलं. ओट्यावरची भांडणं थांबली, मॅनेजर सुंदराबाईंना माताजी म्हणू लागला, आणि साडी रफू होऊन बाजारात गेली.

लग्नसराईत ती कुणीतरी घेतलीच. कदाचित तुम्हीच घेतली असेल, राणी रंगाची, जांभळा तडा गेलेली, हल्ली फार चालते. निऱ्या उलगडून पाहा, बोटभर रफू सापडेल. दुकानात परत न्यायला हरकत नाही. तिथला माणूस बसायला गादी देईल, पाणी विचारेल आणि अगदी नम्रपणे एकच प्रश्न करेल, घडी मोडण्याआधी साडीला हळदकुंकू लावलं होतं का? लावलेलं तर असतंच. आणि तुम्ही, इतका वेळ त्या रांगेला हसलेले तुम्ही, त्याच्या डोळ्याला डोळा न भिडवता सांगाल, छे हो, सकाळी उघडली तर अशीच होती.