लिफ्टमास्तर जिन्याने गेले

डॉक्टरांनी जिना चढायला सांगितला आणि तिथेच घोळ झाला. दुसऱ्या कुणाला सांगितला असता तर काही बिघडलं नसतं. शिंप्याने जिना चढावा, कारकुनाने चढावा, कोण विचारतंय? पण हे गृहस्थ पडले लिफ्ट दुरुस्त करणारे. ज्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहायचे, तिचीच लिफ्ट गेली पंधरा वर्षं ते सांभाळत होते, आणि सगळी इमारत त्यांना लिफ्टमास्तर म्हणूनच ओळखायची. पंधरा वर्षांत त्या लिफ्टवर ‘लिफ्ट बंद आहे’ ही पाटी एकदाही लागली नव्हती. दुरुस्ती असली तर मास्तर ती लोक उठायच्या आत उरकायचे. कंपनीने दिलेली पाटी त्यांच्या घरी माळ्यावर कोरी करकरीत पडून होती आणि घरी कुणी पाहुणा आला की त्याला चहाबरोबर ही हकिगत ऐकावीच लागायची.

झालं असं, की एका ठिकाणी जड मोटर सरकवताना मास्तरांच्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं आणि डावा हात भरून आला. थोडं थांबल्यावर बरं वाटलं, म्हणून मास्तरांनी सगळं पित्तावर ढकललं. बायकोने मात्र ढकलू दिलं नाही. पित्त हातात कधीपासून उतरायला लागलं, एवढंच विचारून तिने त्यांना थेट दवाखान्यात नेलं. तिथे छातीला वायरी लावून झाल्या, फिरत्या पट्ट्यावर चालवून झालं, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं की हृदयाला रक्त नेणारी एक नळी थोडी अरुंद झाली आहे. मास्तरांनी धंद्यातला प्रश्न विचारला: पार्ट बदलावा लागेल का? बाई म्हणाल्या, अजून नाही, नीट सर्व्हिसिंग ठेवलंत तर कदाचित कधीच नाही. मग त्यांनी विचारलं, याआधी तब्येत कधी तपासली होती? दर महिन्याला न चुकता लिफ्ट तपासणाऱ्या मास्तरांना काही केल्या आठवेना.

तंबाखू बंद, मीठ कमी, गोळ्या नेमाने आणि रोज सकाळी जिना, असं ठरलं. जिना सावकाश चढायचा, दर दोन मजल्यांवर थांबायचं. छातीत दाटलं तर तिथेच बसून जिभेखाली गोळी ठेवायची, आणि तरीही थांबलं नाही तर शूरपणा न दाखवता रुग्णवाहिका बोलवायची. मास्तरांनी मान डोलवली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला शपथच घातली, की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. त्याला कारण होतं. कंपनीतल्या एका मेकॅनिकला असाच त्रास निघाला, तर त्याला दुसऱ्याच दिवशी तक्रारींच्या फोनवर बसवलं. एके काळी अंधारात नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा तो माणूस आता दिवसभर ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ एवढंच म्हणतो.

“मला फोनवर बसवलं ना, तर मी हृदयानं नाही, कंटाळ्यानं मरेन,” मास्तर म्हणाले.

“पण काम चालेल का, ते डॉक्टरांना विचारलंत का?”

“विचारलं आणि त्या नको म्हणाल्या तर?”

 बायकोने मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गुपचूप खाली उतरले आणि जिना चढायला लागले. पाचव्या मजल्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे विमेवाले काका लिफ्टची वाट बघत उभे होते. हे काका विम्याचे एजंट. आयुष्यभर लोकांना संकटांची वर्णनं सांगून त्यांचं पोट भरलेलं, त्यामुळे साधी शिंक आली तरी त्यांना पुढचं सगळं दिसायचं. त्यांनी विचारलं, मास्तर, जिन्याने का? मास्तर म्हणाले, सहजच. हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. लिफ्टचा माणूस सातव्या मजल्यावर सहज जिन्याने जात नाही, हे काकांना लगेच कळलं. आलेली लिफ्ट त्यांनी जाऊ दिली.

तरी एवढ्यावर निभावलं असतं. पण तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर दम खायला मास्तर थांबले, ते नेमके लिफ्टच्या भिंतीला टेकून. डोकं भिंतीला, डोळे मिटलेले, चेहरा गंभीर. काकांनी वरून वाकून पाहिलं तर मास्तर भिंतीला कान लावून आतलं काहीतरी ऐकतायत. मास्तर ऐकत होते ते स्वतःच्या छातीचे ठोके, पण ते काकांना कसं कळावं? दुपारपर्यंत लिफ्टचा दोर विरलाय अशी बातमी झाली आणि संध्याकाळपर्यंत तो दोर एका धाग्यावर आला.

मग काय विचारता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी खाली उतरणंच सोडलं. सहाव्या मजल्यावर नवं कपाट आलं, ते चार हमालांनी जिन्याने चढवलं आणि प्रत्येक वळणावर भिंतीचा रंग काढला. मास्तर दिसेल त्याला सांगत सुटले, की लिफ्ट ठणठणीत आहे. लोक शांतपणे ऐकून घेत आणि एवढंच विचारत, मग तुम्ही जिन्यानं का जाता?  उत्तर होतं, पण देता येत नव्हतं. शेवटी लोकांना दाखवायला म्हणून ते एक अख्खी संध्याकाळ हसतमुखाने लिफ्टमधून वरखाली करत राहिले. त्यावर काकांचं म्हणणं पडलं, की कंपनीने दबाव आणला असणार, बिचाऱ्याचं हसू बघा कसं ओढूनताणून आणलेलं आहे.

मास्तरांनी मग एक युक्ती काढली, आणि तीच अंगाशी आली. आपला जिना नको म्हणून ते सकाळी शेजारच्या इमारतीत जाऊन चढायला लागले. त्या इमारतीची लिफ्टही त्यांच्याच कंपनीकडे होती. तिथल्या पहारेकऱ्याने मास्तरांना घाम पुसत उतरताना पाहिलं आणि त्याने काय ओळखायचं ते ओळखलं. आता दोन इमारतींची माणसं जिन्यावर धापा टाकत एकमेकांना वाट देऊ लागली.

इमारतीच्या अध्यक्षांनी कंपनीला फोन केला. हे अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आणि कमी बोलून जास्त घाबरवायचे. कंपनीतून मास्तरांचे साहेब जातीने आले, दोर तपासला, ब्रेक तपासले, लिफ्टमध्ये वाळूची पोती भरून तीही वरखाली करून पाहिली. कशात काही खोट निघाली नाही. लोक म्हणाले, कंपनीचा माणूस दुसरं काय सांगणार? अध्यक्षांनी रविवारी तळमजल्यावरच्या खोलीत सभा बोलावली. विषय एकच: लिफ्टचं काम दुसऱ्या कंपनीला द्यायचं का.

सभेच्या आधी साहेबांनी मास्तरांना बाजूला घेतलं. म्हणाले, मास्तर, लिफ्टमध्ये दोष नाही हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मग लोकांना घाबरवण्यात तुमचा काय फायदा? दुसऱ्या कंपनीकडून काही मिळतंय का? हे मात्र मास्तरांना लागलं. एवढी वर्षं ज्या लिफ्टला जपलं, तिच्याच बाबतीत आपण बेइमान ठरावं? फोनवर बसणं परवडलं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. ते तसेच आत गेले आणि सगळ्यांसमोर उभे राहिले.

“लिफ्टमध्ये काही नाही,” ते म्हणाले. “दुखणं माझ्या हृदयाचं आहे. डॉक्टरांनी रोज जिना चढायला सांगितलाय.”

 मग विमेवाले काका उठले.

“मास्तर, माणसानं खोटं बोलावं, पण पटेल असं तरी बोलावं. हृदयाचं दुखणं असलेला माणूस लिफ्ट सोडून जिना चढेल होय?”

सगळ्यांनी माना डोलवल्या. मास्तर समजावू लागले, की हृदय हाही एक स्नायूच, बेताबेताने काम दिलं तरच तो बळकट राहतो. पण बोलता बोलता ते मोटर आणि वंगणावर घसरले आणि लोकांना वाटलं, हा पुन्हा लिफ्टबद्दलच बोलतोय. तेव्हा मागच्या रांगेतून त्यांची बायको पुढे आली. तिने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला, गोळ्यांची डबी काढली आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

“ही जिभेखालची गोळी. खिशात कायम असते,” ती म्हणाली. “आणि यांना सोबत म्हणून मीही कितीतरी दिवस अळणी जेवतेय. लिफ्टच्या दोरासाठी कुणी अळणी जेवत नाही.”

हा पुरावा बिनतोड होता. अध्यक्षांनी डबी उचलून पाहिली, हलक्या हाताने परत ठेवली आणि सभा संपली असं सांगितलं. मास्तर मात्र साहेबांकडे बघत उभे होते. आता फोन आणि आपण, असं ते धरूनच चालले होते. साहेबांनी इतकंच विचारलं, की काम करायला डॉक्टरांची हरकत आहे का? मास्तर म्हणाले, विचारलेलं नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि उद्याच्या उद्या विचारून यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी कागद पुन्हा चाळले. पट्ट्यावर तुम्ही व्यवस्थित चालला होतात, म्हणाल्या. काम जरूर करा. फक्त जड उचलायचं नाही आणि लिफ्टच्या खड्ड्यात एकट्यानं उतरायचं नाही. साहेबांनी जोडीला एक माणूस दिला आणि प्रश्न तिथेच मिटला. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं, हे सोबत गेलेल्या बायकोला दवाखान्यातच दिसलं होतं. घरी येईपर्यंत तिने मास्तरांकडे एकदाच पाहिलं आणि तेवढं पुरलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आता लोकांना मास्तरांची काळजी वाटायला लागली, आणि लोकांच्या संशयातून माणूस सुटतो, काळजीतून सुटत नाही. सकाळी मास्तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतात न ठेवतात तोच अध्यक्ष स्वतः लिफ्टचं दार धरून उभे. मास्तर, हे काय, अशा तब्येतीत? मास्तरांनी पुन्हा स्नायूचं सांगितलं. अध्यक्ष हो हो म्हणाले आणि दार काही सोडलं नाही. कोणत्याही मजल्यावर मास्तर जिन्यात सापडले की तिथलं दार उघडायचं आणि कुणीतरी त्यांना दंडाला धरून लिफ्टमध्ये बसवायचं. बसवायचं म्हणजे खरोखरच बसवायचं, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्यासाठी लिफ्टमध्ये स्टूल ठेवलं होतं, वर उशी घालून. आपल्याच लिफ्टमध्ये मास्तर पाहुण्यासारखे त्या स्टुलावर बसून सातव्या मजल्यावर जाऊ लागले. त्यांना राग यायचा आणि भरूनही यायचं, त्यामुळे स्टूल काही बाहेर काढवत नसे.

पुढच्या तपासणीत वजन वाढलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, जिना चढताय ना?

“हे चढायला तयार आहेत,” बायको म्हणाली. “लोक चढू देत नाहीत.”

त्या दिवशी घरी आल्यावर मास्तर बराच वेळ माळ्याकडे बघत बसले. मग त्यांनी शिडी लावली. पाटी काढली तर तिच्यावर धूळ नव्हती. बायकोने ती दवाखान्यात निघण्याआधीच पुसून ठेवली होती.

सकाळी लोकांची कामाला निघायची वेळ व्हायच्या आत मास्तरांनी लिफ्टची वीज तासाभरासाठी बंद केली, खाली येऊन दाराला पाटी अडकवली आणि थोडं मागे सरून तिच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांचा मान असा खिळ्याला टांगताना त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. तेवढ्यात विमेवाले काका वर्तमानपत्र घेऊन बाहेरून आले आणि पाटी वाचून जागच्या जागी थबकले. आता जिन्याशिवाय गत्यंतर नव्हतं, काकांना आणि मास्तरांनाही. दोघे निघाले. दुसऱ्या मजल्यावरच काका भिंतीला टेकले. मास्तरांनी विचारलं, छातीत दाटतंय का? काका म्हणाले, नाही हो, नुसता दम लागलाय. मास्तरांनी सांगितलं, तरी एकदा तपासून घ्या, मी पित्त पित्त म्हणत बसलो होतो.

“पण लिफ्टचं एवढं काय बिघडलंय?” काकांनी विचारलं.

“काही नाही. बिघडू नये म्हणून बंद ठेवलीये.”

काका मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर लोकांना संकटं विकणाऱ्या त्या माणसाला हे समजायला एक अख्खा मजला लागला. पाचवा मजला आल्यावर ते आपल्या घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खाली उतरले तर काल जिन्याखाली ठेवलेली पाटी आधीच दाराला लागलेली होती, जरा तिरकी. तिच्याखाली विमेवाले काका कापडी बूट घालून उभे होते. मास्तरांनी पाटी सरळ केली आणि दोघे सावकाश चढायला लागले.