रामटेकेभाऊंचा सातवा खड्डा

रामटेकेभाऊंना कोणाच्याही घरी पाणी दिलं की ते अर्धा ग्लास प्यायचे आणि उरलेलं अर्धं शांतपणे जमिनीवर ओतायचे. मग उकिडवे बसून ते पाणी कुठे जातं ते पाहायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाणी खाटेखालून निघालं ते थेट माझ्या चपलांपर्यंत गेलं. "तुमची जमीन बेइमान हाय भाऊ," ते म्हणाले. "दिसते सपाट, अन् हाय उताराची." माझी बायको आतून फडकं घेऊन आली, तर कोणता कोपरा किती उचलावा लागेल ते तिलाच समजावून सांगू लागले. त्यानंतर ती त्यांना अर्धाच ग्लास भरून द्यायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंदेवाहीच्या पुढे जंगलात कालव्याचं काम चालू होतं आणि त्या कामाच्या वसाहतीत आम्ही शेजारी होतो. मी कारकून, ते ओव्हरसियर. दोन घरांत भिंत एकच, आणि तीही सरकारी, त्यामुळे पलीकडे भाजीत मीठ जास्त झालं तरी अलीकडे कळायचं.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे. "कठीण चालते, बेइमान नाई चालत." हे माप ते जगातल्या प्रत्येक वस्तूला लावायचे. कारलं कठीण, पण इमानदार. ते कडू आहे हे आधीपासून माहीत असतं. काकडी बेइमान, अर्धी खाल्ल्यावर कडू निघते. गडचिरोलीची एसटी उशिरा येते ती कठीण, थांब्यावर हात दाखवूनही न थांबता जाते ती बेइमान. वसाहतीतली पोरं गोट्या खेळायला लागली की हे कामावर जाता जाता सायकल उभी करून त्यांची गल, म्हणजे गोटी टाकायचा खड्डा, तपासायचे आणि एका बाजूला उतार निघाला तर चालू डाव मोडून नवी गल खणून द्यायचे. ते दिसले की पोरं गोट्या खिशात घालून पळायची.

हे वेड कुठून लागलं, असं मी एकदा विचारलं. "आमच्या गावच्या विहिरीपासून," ते म्हणाले. "पाणी खोल नोहतं भाऊ. खोल असतं त मेहनत केली असती. आमच्यासाठी थे बंद होतं." त्यांनी वाकून माझ्या खाटेचे पाय पाहिले. मग म्हणाले, "तुमची खाट जरा उत्तरेले सरकवा. रात्री डोक्याकडे रक्त उतरत असन."

तर आमचे उपअभियंता पाटणकर साहेब. त्यांनी चंद्रपूरच्या एका खाणीतून निवृत्त होऊन निघालेल्या मॅनेजरकडून गोल्फच्या काठ्यांची एक पिशवी घेतली होती. वर्षभर ती ऑफिसच्या कोपऱ्यात उभी होती. साहेबांनी एकदा व्हरांड्यात सराव केला, तेव्हा ट्यूबलाइट गेली आणि बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, टेबलाखाली गेले. खेळायला मैदान नव्हतं. असं असताना एक दिवस रामटेकेभाऊ आपणहून साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, मैदान मी बनवून देतो." ज्या माणसाने जन्मात पत्त्यांचं पान हातात धरलं नव्हतं, त्याला हा खेळ एकदम का आठवला हे कोणालाच समजेना. बडे बाबूंचं मत पडलं की बढती जवळ आली असावी.

धानकापणी झाली आणि मैदान सुरू झालं. वसाहतीपासून निघायचं, रिकाम्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून, एक मोठी फेरी मारायची आणि पुन्हा वसाहतीत यायचं, असे सात खड्डे. खड्ड्यांत वनस्पती तुपाचे रिकामे डबे पुरलेले. डब्याभोवती शेणाने सारवलेलं गोल अंगण. साहेब त्याला ग्रीन म्हणायचे. "ग्रीन कायचं साहेब, शेण हाय," रामटेकेभाऊ म्हणायचे.

त्यांनी गोल्फ कधी पाहिला नव्हता, पण न्याय कसा असावा याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या खड्ड्याच्या वाटेत एक भलंमोठं वारूळ होतं. साहेब म्हणाले, पाडा. हे म्हणाले, "वारूळ इमानदार हाय साहेब. थे कुठी हाय, हे तुम्हाले मारायच्या आधी दिसते." पण मोहाची फुलं पडायला लागली आणि चौथ्या खड्ड्यापाशी सकाळी अस्वल येऊ लागलं, तेव्हा यांनी खेळ थांबवला. अस्वलाची जागा ठरलेली नाही, म्हणून अस्वल बेइमान. शेणाच्या गोलावर म्हैस बसली तर ती उठेपर्यंत थांबायचं, कारण म्हैस आपल्या मर्जीने उठते आणि तो तिचा हक्क आहे. एकदा साहेब अशा म्हशीसमोर कांदेपोहे खाऊन, चहा पिऊन आणि फाइलवर सह्या करून मोकळे झाले, तरी ती उठली नाही.

प्रत्येक खड्ड्याला दोन रस्ते होते. एक जोरात मारणाऱ्याचा, सरळ. दुसरा बांधावरून वळसा घेऊन जाणारा, ज्याला जोर नाही त्याचा. हा दुसरा रस्ता भाऊंनी इतका निगुतीने केला होता की बांधावरचा खडान् खडा वेचला होता आणि जागोजागी झाडाखाली बसायला सपाट दगड ठेवले होते. "कालव्याचं पाणी शेवटच्या बांधीले पोचलं तरच थो कालवा," ते म्हणायचे. "खेळाचंबी तसंच हाय." दगड साहेबांच्या गुडघ्यांसाठी असावेत, असं बडे बाबूंचं मत पडलं.

या सगळ्यावर सुमनबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, रोजचं भाष्य भिंतीतून यायचं. आदल्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला होता. गडचिरोलीच्या दवाखान्यात महिनाभर होत्या. डावा पाय अजून नीट उचलत नव्हता, पण जिभेला काहीही झालेलं नव्हतं. "अजी, घरचा नळ गळून राह्यला अन् तुम्ही जंगलात डबे पुरून राह्यले," असं सुरू झालं की मी माझा रेडिओ बंद करायचो. त्या कधी दाराबाहेर दिसायच्या नाहीत. पाय ओढत चालताना लोकांनी पाहावं हे त्यांना खपत नव्हतं.

सातवा खड्डा सगळ्यांत कठीण. मधे बोडी, म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, आणि डबा पलीकडे, आमच्या घरांच्या मागे. साहेब दर रविवारी बोडीवरून मारायचे आणि दर रविवारी चेंडू बोडीत जायचा. आम्ही कारकून मंडळी बोडीच्या पाळीवरून, म्हणजे तिच्या काठच्या बांधावरून, टुकुटुकु चेंडू ढकलत वळसा घेऊन जायचो आणि जिंकायचो. त्यात एक भानगड होती. बडे बाबूंना वाटायचं की डबा जागचा हलतो. "मागच्या महिन्यात हा पळसाखाली होता. आता पळस मागं राह्यला," ते म्हणाले. रामटेकेभाऊ कानापर्यंत लाल झाले. "डब्याले पाय असतात का बडे बाबू?" एवढं म्हणून ते बोडीकडे पाहत राहिले. साहेबांना मात्र वाटत होतं की आपलाच खांदा कमजोर होत चाललाय. ते रोज रात्री खांद्याला मोहाचं तेल चोळून घेत होते.

एका रविवारी बडे बाबू पाळीवरून जाऊन जिंकले आणि वर "सावकाश या साहेब," असंही म्हणाले. साहेबांचा तोल गेला. "हा भित्र्यांचा रस्ता बंद करा रामटेके. पाळीवर उद्याच काटेरी कुंपण घाला."

"नाई साहेब," रामटेकेभाऊ म्हणाले.

नोकरीत त्यांनी 'नाई' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. साहेबांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं.

"बाकी साही खड्डे बुजवा साहेब. ज्याच्यात दम हाय त्यानं बोडीवरून मारावं. पण घरी सगळ्यायले पोचता आलं पायजे. हा रस्ता राहू द्या."

"सिरोंच्याला एक जागा रिकामी आहे," साहेब म्हणाले.

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. सिरोंचा म्हणजे गोदावरीचा काठ, गडचिरोली जिल्ह्याचं शेवटचं टोक. तिथून गडचिरोलीचा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. तरी त्यांनी आपलं 'नाई' मागे घेतलं नाही. मला त्यांचा रागच आला. एका खेळापायी, तेही डब्यांच्या, आजारी बायकोला घेऊन हा माणूस सिरोंच्याला जाणार होता. घरी येऊन मी बायकोला म्हटलंसुद्धा की शेजारी वेडा आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच साहेबांनी मला चुन्याची पिशवी घेऊन पाळीवर बोलावलं. कुंपणाची रेघ ते स्वतः उभं राहून मारून घेणार होते. आम्ही पोचलो तर पाळीवर आधीच दोन माणसं होती.

सुमनबाई गोल्फची काठी टेकत चालत होत्या. थोडं चालून थांबायच्या, काठी उचलून एका हाताने चेंडूला टिचकी मारायच्या, आणि चेंडू चार हात पुढे गेला की बडबडत त्याच्यामागे निघायच्या. मागून रामटेकेभाऊ, दोन्ही हात पुढे धरलेले, पण त्यांना न लागतील इतके लांब.

"अजी, हा डबा काल एवढा दूर नोहता."

"तिथीच हाय."

"सरकवला तुम्ही."

"मी काऊन सरकवू? चाल, दोनच फटके राह्यले."

शेजारी साहेबांचा हात हळूच आपल्या खांद्यावर गेला. कठीण आणि बेइमान यांत आयुष्यभर रेघ मारत आलेला माणूस सूर्य उगवायच्या आत आपल्या बायकोशी धडधडीत खोटं बोलत होता. माझा कालचा राग कुठल्या कुठे गेला.

बाईंनी मागच्या दाराने घर गाठलं. मग आम्ही दिसलो आणि भाऊ चोरासारखे आमच्याकडे आले. "डॉक्टरनं म्हटलं, रोज थोडं थोडं जास्त चालवा," ते खाली पाहत म्हणाले. "बायको म्हणे, कुठी जाऊ? रिकामं कोण चालते? चालाले काही कारण लागते साहेब. पाळ बंद झाली अन् इथून मांगे फिरा म्हटलं त एवढं तिले जमत नाई. पाळीवरूनच घर जवळ हाय."

"म्हणजे मैदान माझ्यासाठी नव्हतं," साहेब म्हणाले.

"तुमचीबी सोय झाली," भाऊ म्हणाले.

साहेबांनी माझ्या हातातून चुन्याची पिशवी घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि ती स्वतःच उचलून ऑफिसकडे चालू लागले. सिरोंच्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या रविवारी त्यांचा चेंडू नेहमीसारखा बोडीत गेला. बडे बाबू पळसाकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, डबा आणखी सरकला, शपथेवर सांगतो."

"बडे बाबू," साहेब म्हणाले, "डब्याला पाय असतात का?"

पुढच्या धानकापणीपर्यंत सुमनबाई दिवसाढवळ्या, लोकांसमोर चालायला लागल्या. एक दिवस काठी न घेता आमच्या घरी आल्या. पाणी दिलं तर अर्धं प्यायल्या आणि उरलेलं जमिनीवर ओतलं.

"अजूनबी बेइमानच हाय तुमची जमीन," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "अन् आमचा माणूसबी. डबा सरकवत होता. मले काय दिसत नोहतं?"

"मग बोलल्या का नाहीत वहिनी?"

"काय बोलू? जनमभर इमानदारी डोक्यावर घेऊन फिरला थो. एकच बेइमानी केली, अन् थेबी माह्यासाठी." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "चालू दे म्हटलं."

मग त्या उठल्या. त्यांचं दार अगदी शेजारी होतं, पण त्या बोडीच्या पाळीवरून वळसा घेऊन घरी गेल्या.