राव सारांचं शून्य

व्यंकटरमण राव एकदा आकडा बोलले की संपलं! कुंभकोणमच्या एका सरकारी कॉलेजात तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस; तिकडच्या तमिळ वळणानं सगळ्यांचे 'राव सार', म्हणजे राव सर. त्यामुळे माजी सैनिकांची फी माफ केल्यास खर्च किती येईल, असं वरून पत्र आलं, तेव्हा त्यांनी कॅल्क्युलेटरला हातसुद्धा लावला नाही.

"शून्य!" ते म्हणाले.

"शून्य?" प्रिन्सिपल विजयलक्ष्मी मॅडमनी चष्मा काढला. "राव सार, नीट विचार करा."

"या वयात कोण येतंय मॅडम शिकायला! आलाच एखादा, तर त्याची फी माझ्या पगारातून कापा!"

आणि हे त्यांनी फाइलीत चक्क लिहूनही दिलं. खाली झोकदार सही!

तेवढ्यावर थांबावं की नाही? पण रविवारी समाजाचं जेवण होतं. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या मराठी घराण्यांची पंगत, आणि तिथं राव सारांना दर वेळी चढतं ते फौजेचं स्फुरण. त्यांचे खापरपणजोबा घोडदळात होते म्हणे! पायसमची दुसरी वाटी रिचवत ते गरजले, "फौजेतल्यांना आता फी माफ! आणि आपण कोण? सगळे फौजेतलेच!"

झालं! सोमवारी खिडकीपुढं ही रांग! सतरा माणसं, सगळी ओळखीची. सर्वांत पुढं हरिप्रसादमामा, कापडात गुंडाळलेली तलवार घेऊन.

"मामा, हे काय?"

"पुरावा! आणि हा मोडी कागद. आमचे पूर्वज दीडशे स्वारांचे सरदार. नातवाला बी.कॉम.ला घाल."

"अय्यो! मामा, त्याला तीनशे वर्षं झाली!"

"मग माजीच झाले की! तूच म्हणालास ना काल, सगळे फौजेतलेच म्हणून? पंगतीत एक आणि खिडकीत एक?"

मागून सोळा तोंडं एकदम सुरू झाली. कुणी पगडी आणलेली, कुणी ढाल. दारासुरमहून आलेल्या एकानं तर घोड्याचा नालच काउंटरवर आपटला! गलका ऐकून मॅडम धावत आल्या आणि तलवार बघून दारातच थिजल्या.

"राव सार! शून्य म्हणाला होतात!"

राव सारांना दरदरून घाम फुटला. सतरा जणांची फी म्हणजे त्यांचा पगार स्वाहा! ते खुर्चीवरच चढले. "शांत! पूर्वज चालत नाहीत! स्वतः वर्दी घातलेली, सैन्यातून सुटल्याचा कागद असलेली एक व्यक्ती दाखवा. फक्त एक!"

मामांनी तलवार कापडात गुंडाळली. रांग पुटपुटत पांगली. राव सार विजयी मुद्रेनं खाली उतरले, तर खिडकीपाशी अजून एक जण उभं होतं. त्यांची बायको, पंकजा.

"डबा आणलास होय? ठेव तिथं."

डबा नव्हता. अर्ज होता. बी.ए. इतिहास, पहिलं वर्ष. सोबत पिवळा पडलेला कागद. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला, "मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. कॅप्टन पंकजा..."

"कॅप्टन?" राव सारांचा आवाज पार चिरकला. "तू तर लग्नाआधी दवाखान्यात होतीस!"

"सैन्याच्या. पाच वर्षं. दोन हिवाळे बर्फात काढले, गोळ्या लागलेली पोरं सांभाळली."

"मग इतक्या वर्षांत कधी बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार?" पंकजाबाई शांतपणे म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं रोज जेवताना तुमचे खापरपणजोबा लढताहेत. ते थांबले की सांगणार होते."

मॅडमनी तोंडाला पदर लावला. राव सारांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी फाइल ओढली, शून्य खोडलं आणि एक लिहिला. सही करताना मात्र, का कोण जाणे, खुर्ची मागं सारून उभे राहिले.

"बसा," पंकजाबाई म्हणाल्या. "फी भरायची आहे तुम्हाला."