मागे बायको बसली की येणारा आवाज

मोटरसायकल गॅरेजला न्यायची नाही, आवाज आपला आपणच शोधायचा, असं कानसेनांनी ठरवलं तेव्हा त्यांच्या हातात फक्त चहाचा कप होता. (पाना असता तर त्यांनी स्वतःला आवरलं असतं. पाना हातात आला की त्यांना सगळ्यात आधी स्वतःचीच भीती वाटते.)

कानसेन हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कानाच्या दवाखान्यात लोकांचं ऐकणं तपासायचं, हे त्यांचं काम. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचा, बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की माणसाने बोट वर करायचं. वर्षानुवर्षं लोकांची बोटं बघून त्यांची अशी पक्की समजूत झाली होती, की जगात धड कान दोनच आहेत आणि ते दोन्ही आपल्याच डोक्याला आहेत.

तर त्या संध्याकाळी ते बाजारातून परत येत होते. मागे बायको, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. वळणावर बायको म्हणाली, "अहो, दादाचा फोन आला होता. यायचं म्हणतोय चार दिवस."

आणि आवाज आला. कुईऽऽऽ. बारीक, चिरका, दाराबाहेर राहिलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखा.

"हे काय वाजतंय हो?"

"गाडी," कानसेन म्हणाले.

"मग बरंच झालं. दादा येतोच आहे, तर बघेल."

आवाज एकदम वर चढला.

"वाढला बघा! आता तर त्याला बोलवायलाच हवं."

दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. माणूस सोन्यासारखा, पण हातांना स्वस्थता नाही. मागच्या खेपेला असाच 'चार दिवस' आला, तो घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरेना तेव्हाच गेला. त्याने मिक्सर दुरुस्त केला, तो तेव्हापासून भांडं सोडून स्वतःच फिरतो. गळका नळ दुरुस्त केला, तो आता गळत नाही, कारण त्यातून पाणीच येत नाही. दारावरची बेल त्याने अशी बसवली, की बाथरूमचा दिवा लावला की ती वाजते. (सुरुवातीला कानसेन दर वेळी टॉवेल गुंडाळून दार उघडायला धावत.) सगळ्या घरात दादाचा हात न लागलेली वस्तू एकच राहिली होती, ती म्हणजे ही मोटरसायकल. कानसेनांचा तिच्यावर जीव होता.

"मीच शोधतो आवाज," ते घरी आल्यावर चहा पिता पिता म्हणाले. "ऐकणं हाच माझा धंदा आहे."

"शोधा की. शनिवारपर्यंत सापडला तर दादाला सांगते, सवडीने ये म्हणून. नाहीतर रविवारी तो इथे."

दुसऱ्या दिवशी कानसेन एकटेच गाडी घेऊन निघाले. आवाज नाही. हळू चालवून पाहिली, जोरात चालवून पाहिली, चढावर घातली. गाडी शहाण्यासारखी चालली. मग शेजारचे निवृत्त मास्तर मागे बसवले. मास्तर पूर्ण वेळ आपल्या गुडघ्यांविषयी बोलत राहिले, पण गाडीने हूं का चूं केलं नाही. संध्याकाळी बायको बसली, म्हणाली, "पुढच्या खोलीत दादाची कॉट लावू या, काय?" आणि कुईऽऽऽ.

कानसेनांच्या शास्त्रीय डोक्यात निष्कर्ष लख्ख उमटला. मास्तर म्हणजे नुसती हाडं. प्रश्न वजनाचा होता.

आता हा निष्कर्ष बायकोला सांगण्याइतके काही ते भोळे नव्हते. त्यांनी विषय लांबून काढला. "तुझं वजन साधारण किती असेल गं?"

"का?"

"सहज."

"सहज कोणी विचारतं का असं? स्वयंपाक तुम्ही करा आजपासून, मग होईल कमी."

अखेर त्यांनी नजरेनेच अंदाज घेतला, वाळूचं एक पोतं भरलं आणि मागच्या सीटवर दोरीने आवळून बांधलं. डोक्याची हालचाल कळावी म्हणून वर बायकोचं हेल्मेट चढवलं. नेमकी तेव्हाच बायको गॅलरीत आली.

"हे काय बांधलंय?"

"हे... तू आहेस."

"मी?"

"म्हणजे तुझ्याऐवजी."

बायकोने पोत्याकडे बघितलं. पोतं अंगाने चांगलं भरलेलं होतं. ती आत गेली, आणि त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

पोतं घेऊन कानसेन अख्खी वस्ती फिरले. गाडी गप्प. परत आल्यावर हे त्यांनी मोठ्या उत्साहाने बायकोला सांगितलं. "पोतं बसलं तर आवाज नाही, तू बसलीस तरच!"

"मग पोत्याशीच संसार करा," बायको म्हणाली. आपलं काय चुकलं, ते त्यांना कळलं नाही.

मग त्यांनी दवाखान्यातली पद्धत वापरायची ठरवली. हातापाया पडून बायकोला मागे बसवलं आणि सांगितलं, की आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. बायको कर्तव्यदक्ष. "दादाला त्याची ती जाड उशी लागते," ती म्हणाली, आवाज आला, बोट वर गेलं. "सकाळी लवकर उठवेल हं तुम्हाला," पुन्हा आवाज, पुन्हा बोट. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याला वाटलं, बाई उजवीकडे वळायला सांगतायत. तो वळला आणि एका बंद फाटकासमोर जाऊन उभा राहिला. तिथून त्याने कानसेनांच्या घराण्याविषयी जे उद्गार काढले ते मात्र त्यांना हेडफोनशिवाय स्पष्ट ऐकू आले.

शनिवारी त्यांनी शेवटचा उपाय काढला. गाडी अंगणात घेऊन खोलायला सुरुवात केली. चेन काढली, चाकं काढली, सायलेन्सर काढला, आणि भरात येऊन ज्यांची नावं माहीत नव्हती ते भागही काढले. दुपारपर्यंत जुन्या चादरीवर मोटरसायकल ओळखू येईनाशी झाली. इंजिन तेवढं एका पाटावर पाहुण्यासारखं बसलं होतं.

बायको चहा घेऊन आली. "अहो, दादा बसमध्ये बसला. उद्या सकाळी पोचतोय."

कुईऽऽऽ.

दोघंही दचकली. दोघांनीही चादरीकडे पाहिलं. तिथे आवाज करू शकेल असं काहीच जागेवर नव्हतं. बायकोने कप खाली ठेवला, वाकून टाकीला कान लावला, मग इंजिनाला, मग सरकत सरकत तो कानसेनांच्या तोंडाजवळ आणला.

"दादा," ती म्हणाली.

शांतता.

"दादा महिनाभर राहणार आहे."

कुईऽऽऽऽ.

"नाकातून!" बायको ओरडली. "अहो, तुमच्या नाकातून येतोय!"

कानसेनांच्या पायाखालची जमीन सरकली. आयुष्यभर लोकांचे कान तपासले आणि कानांच्या मधोमध बसलेल्या नाकाचा पत्ता नाही! त्यांना एवढी लाज वाटली, की पाना कुठे ठेवावा ते सुचेना. बायकोचा चेहराही उतरला होता. "माझा भाऊ यायचा म्हटलं की असं होतं तुम्हाला?" तिने विचारलं. तिला खरंच लागलं होतं.

"छे गं, मला दादा मनापासून आवडतात," कानसेन कळवळून म्हणाले. आणि वाक्य संपायच्या आत नाक वाजलं.

बायकोने हसू आवरायचा पुष्कळ प्रयत्न केला. मग ती पाटावर, इंजिनाशेजारीच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "थांबवलं असतं हो त्याला," ती डोळे पुसत म्हणाली, "पण आता बस सुटली. सांभाळा उद्या जरा."

सकाळी दादा दारात उभा राहिला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पत्र्याची हत्यारपेटी. कानसेन आरशासमोर तालीम करून आले होते. नाक चिमटीत धरून ते म्हणाले, "या, या, दादा!"

"सर्दी झालीय वाटतं? धरा जरा," म्हणत दादाने बॅग त्यांच्या एका हातात दिली, पेटी दुसऱ्या हातात. नाक उघडं पडलं. "या वेळी अगदी निवांत आलोय भावजी. घाई नाही."

कुईऽऽऽ.

दादाचे डोळे चमकले. "हिने फोनवर सांगितला तो गाडीचा आवाज हाच का?"

बायको तोंडात रुमाल कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

"पण हा गाडीचा नव्हे," दादा अंगणातल्या चादरीकडे बघत म्हणाला. "गाडी तर तुम्ही संपवलीच आहे. हा घराचा आवाज आहे."

"जाऊ द्या हो दादा, आपोआप बंद होईल."

"असा कसा होईल? सापडेपर्यंत मी इथून हलत नाही!"

कुईऽऽऽऽऽ.

"ऐकलंत?" दादा कानसेनांच्या डोक्याशेजारी भिंतीला कान लावून आनंदाने ओरडला. "इथेच आहे, भिंतीत! त्या पेटीतला हातोडा द्या बघू."

कानसेनांनी दिला.