बुरशी आली आहे, क्षमस्व

निसर्ग मोकळा असतो, म्हणूनच त्याला चौकटीत बसवणे हे सुसंस्कृत समाजाचे आद्य कर्तव्य आहे. नागावात हे कर्तव्य 'अष्टागर निसर्गछायाचित्रण मंडळ' गेली बारा वर्षे पार पाडत आले आहे. मंडळाचे सभासद एकवीस असून कॅमेरे सत्तावीस आहेत (दोन सभासदांकडे कॅमेरा नाही, ते कार्यकारिणीवर आहेत).

मंडळाच्या दोन शाखा आहेत. पारंपरिक शाखा कॅमेरा तिवईवर ठेवते आणि श्वास रोखते. प्रयोगशील शाखा कॅमेरा हलवते, उलटा धरते, प्रसंगी समुद्रात बुडवते. पूर्वी हात हलला की फोटो फुकट जाई. आता खाली चार ओळींचे निवेदन जोडले, की तो हललेला नसून हलवलेला ठरतो. ही प्रगतीच म्हणायची.

पारंपरिक शाखेचे प्रमुख देवव्रत गानू. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, नारळी-पोफळीची वाडी, आणि क्षितिज वाकडे येऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या पिशवीत गवंड्याची पाणसळ. गानूसर प्रत्येक प्रदर्शनात खिशात घड्याळ घेऊन कोपऱ्यात उभे राहत आणि लोक आपल्या फोटोसमोर किती वेळ थांबतात ते मोजत. सरासरी चार सेकंद येई. त्यातला एक सेकंद नाव वाचण्यात जाई.

यंदाचे प्रदर्शन जूनमध्ये, मंडळाचे चिटणीस अल्पेश म्हात्रे यांच्या होमस्टेच्या जेवणघरात भरायचे होते (पावसाळ्यात पाहुणे नसतात, म्हणून कलेला जागा मिळते). गानूसरांनी ठरवले, की आता ती स्लाइड बाहेर काढायची. १९९३ साली रेवदंड्याला काढलेली, आयुष्यातली सर्वोत्तम. योग्य प्रसंग आला नाही म्हणून त्यांनी ती कुणालाही दाखवली नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसोबत, ती तीस वर्षे सुरक्षित होती.

डबा उघडला, तर स्लाइडवर बुरशी. बारीक, फांद्याफांद्यांची, मधूनमधून जांभळे ठिपके. क्षेत्रफळ अंदाजे सत्तर टक्के.

गानूसरांनी चहा घेतला नाही. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी चष्मा लावून स्लाइड उजेडाकडे धरली.

"लोणच्यावर येते तसली नाही हो ही. जरा नक्षीदार आहे."

"तीस वर्षं जपली गं."

"जपलीत म्हणूनच. चार लोकांना दाखवली असतीत तर वारा लागला असता."

तेवढ्यात अल्पेश मोटरसायकलवरून प्रवेशिका न्यायला आला. "सर, पत्रिकेत तुमचा नाव छापून झालाय. आता कायपन द्या." गानूसर खोटे लिहिणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी अर्जाच्या पहिल्याच रिकाम्या ओळीत लिहिले, 'बुरशी आली आहे, क्षमस्व.' ती ओळ शीर्षकाची होती.

फोटो चार फूट बाय तीन फूट मोठा होऊन भिंतीवर लागला. परीक्षक म्हणून पुण्याहून राही म्हसकर आल्या होत्या. इतर अठ्ठावन्न फोटो त्यांनी नऊ मिनिटांत पाहिले आणि या एका फोटोसमोर अकरा मिनिटे थांबल्या. निकाल जाहीर झाला: प्रयोगशील शाखा, प्रथम क्रमांक, देवव्रत गानू. परीक्षकांचा अभिप्राय असा होता, की आजवर कलावंत निसर्गाचा फोटो काढत असे, इथे निसर्ग कलावंताचा फोटो खातो आहे.

गानूसर ताडकन उभे राहिले. "मॅडम, हा फोटो बिघडलाय."

राहीताईंनी हात जोडले. "इतकं स्वच्छ विधान मी ऐकलेलं नाही."

टाळ्या.

"अहो, खरंच खराब झालाय तो! डबा ओलसर होता!"

पुन्हा टाळ्या. ('डबा ओलसर होता' ही त्यांची कलाविषयक भूमिका म्हणून दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरली.)

सन्मानचिन्ह परत करायचे असे ठरवूनच ते घरी निघाले होते. पण दाराशी सवयीने घड्याळ काढले. फोटोसमोर उभ्या माणसांची सरासरी दोन मिनिटे दहा सेकंद भरली. सन्मानचिन्ह त्यांनी तूर्त ठेवून घेतले.

पुढचे सगळे ओघानेच आले. लोकाग्रहास्तव प्रदर्शनाची मुदत वाढली. दर रविवारी गानूसर वेताची छडी घेऊन फोटोपुढे व्याख्यान देऊ लागले. मंडळाने परिपत्रक काढले: सभासदांनी कपाटातील ओल शोषणाऱ्या पुड्या त्वरित काढून टाकाव्यात, डब्याचे झाकण सैल ठेवावे, आषाढापासून भाद्रपदापर्यंत डबा उघडू नये. अधीर सभासदांनी फोटो न्हाणीघरात टांगले. त्यावरून मंडळात वाडीची बुरशी आणि न्हाणीघराची बुरशी असे दोन तट पडले. न्हाणीघराची बुरशी ही निसर्गाची नक्कल आहे, असे सात पानी टिपण गानूसरांनीच लिहिले. सरोजिनीबाईंनी ते वाचून काढले आणि लोणच्याची बरणी त्यांच्या टेबलापासून लांब नेऊन ठेवली.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, आणि एका रविवारी रेवदंड्याची रतनबाई अल्पेशच्या स्वयंपाकघरात मासळी द्यायला आली. आत व्याख्यान रंगले होते. गानूसर चोवीस श्रोत्यांना उजव्या कोपऱ्यातली जाळी समजावून सांगत होते. रतनबाईने डोक्यावरची पाटी उतरवली, ओले हात पदराला पुसले आणि ती थेट भिंतीपाशी गेली.

"ह्यो आमचा हिरामण न्हाय का?"

"कुठं, मावशी?" अल्पेशने विचारले.

तिने बुरशीच्या मधोमध बोट ठेवले. "ह्यो काय. होडीत उभा हाय. डोकीवर केस हुते तवाचा. आनी काठीला ही माज्या लुगड्याची चिंधी बांधलीय."

श्रोते पुढे झुकले. खरेच एक माणूस होता.

"नऊ वर्सं झाली माज्या घरवाल्याला जाऊन," ती म्हणाली. "घरात येक फोटू न्हाय. आधार कार्डावरचा हाय, त्यात तो चोर दिसतो."

गानूसरांची छडी खाली आली. त्यांना ती पहाट आठवली. ओल्या फळ्यांवरचा उजेड, आणि होडीतून ओरडणारा तो उघडा गडी: "मास्तर, झाला का? ओहोटी लागली माजी!" तरीही त्यांच्यासाठी तो क्षणभर दगडासारखा स्तब्ध उभा राहिला होता. अडीच महिन्यांच्या व्याख्यानांत त्या माणसाचा उल्लेख एकदाही झाला नव्हता.

त्यांनी खुर्चीवर चढून फोटो उतरवायला घेतला.

"सर, नियम हाय," अल्पेश कुजबुजला. "मुदत संपेपर्यंत कलाकृती हलवता येत न्हाय."

"नियम मीच लिहिलाय. धर जरा खालून."

रेवदंड्यापर्यंत ते स्वतः रिक्षाने गेले. गुडघ्यांवर आडवी चौकट, पायांशी मासळीची पाटी, शेजारी रतनबाई. काच कोपऱ्याकडून पदराने पुसत ती सारखी म्हणत होती, "हसतोय बगा. कवा हसायचा न्हाय मेला."

भिंतीवर खिळा राहिला आणि खाली शीर्षकाची पट्टी. पुढच्या रविवारी अठरा प्रेक्षक आले. त्या मोकळ्या भिंतीसमोर ते सरासरी चाळीस सेकंद थांबले आणि सात जणांनी अभिप्रायवहीत 'अप्रतिम' असे नोंदवले.

हे वाचून काही वाचकांना हसू येईल. त्यांनी नोंद घ्यावी, की बुरशी किती टक्के, चौकट किती फूट, टाळ्या किती वेळा, हे सर्व आपण निमूटपणे वाचत आलात. फोटो कशाचा आहे, हे रतनबाई येईपर्यंत आपल्यालाही विचारावेसे वाटले नाही. मंडळाचे सभासदत्व वर्षभर खुले असते. आपली पात्रता वेगळी तपासली जाणार नाही.