पांढरं ते दिसते

टीव्हीचा रिमोट हर्षाने तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला होता आणि नवऱ्याला, मनोजला, ताकीद दिली होती, "घरात लढाईचं नाव काढायचं नाही." कारण तिकडे सीमेवर विमानं उडाली की इकडे अकोल्यात तिच्या प्राजक्ताची झोप उडायची. दुसरीतली पोर. बातम्या ऐकल्यापासून बाथरूमलासुद्धा एकटी जाईना. आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरून घरभर फिरायची.

अशात कॉलनीच्या ग्रुपवर सेक्रेटरी अनुपभाऊंचा मेसेज आला. आज संध्याकाळी आठला सराव म्हणून सगळ्यांनी दिवे बंद ठेवायचे. लोकांना गांभीर्य कळावं म्हणून त्यांनी खाली सायरनचा आवाजही जोडला होता. तो नेमका प्राजूने वाजवला आणि किंचाळत आजोबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या पलंगाखाली शिरली.

आजोबा, म्हणजे हर्षाचे सासरे शालिकराम, तेल्हाऱ्याकडची शेती मक्त्याने कसायला देऊन मुलाकडे राहायला आले होते. ते वाकून पलंगाखाली बघत म्हणाले, "कायले भेतं वं? हे तं काईच नाई. एकाहत्तरची लढाई लागली, तवा मी तुह्याएवढा होतो."

हर्षा दारातून डोळे वटारत होती. पण शालिकरामांचा चष्मा टेबलावर होता.

"कोतवालानं दवंडी देली, रात्री उजेड दिसला नाई पायजे. आता गावात लाइटच नव्हती, तं इझवाचं काय? कंदील इझवले, चुली इझवल्या, बुढ्यांच्या बिड्या इझवल्या. अन् वर पाह्यलं, तं हा एवढा चांद! सारं शिवार फुटलेल्या कापसानं पांढरंफट. जसं कोनी चांदनंच वावरात वाळत टाकलं."

"मंग?" पलंगाखालून डोकं बाहेर आलं.

"मंग माह्या बापानं डोकं चालवलं. वरतून पांढरं ते दिसते. घरातला कापूस गोधड्यांनी झाकला. पन अंगनात दोन बैल, दुधासारके. बापानं काळ्या मातीचा चिखल केला अन् शिंगापासून शेपटापरेंत थापला. त्याचं पाहून साऱ्या गावानं तेच केलं. सकाळी कोनाचा बैल कोनाले वळखू येईना! खुशालरावचा बैल आमच्या दावनीले अन् आमचा त्याच्या वावरात."

"अन् विमान?"

"आलं नाई. पन सारं गाव अंगनात उभं राहून वर पाहून रायलं होतं. कुत्रंबी भुंकलं नाई. एवढं गाव एवढं चूप मी मंग कवाच नाई पाह्यलं."

हर्षा रागवायला आत आली होती. तीच ऐकत उभी राहिली.

दुपार कलल्यावर प्राजू ओढणी सोडून एकटी खाली खेळायला गेली, तेव्हा हर्षाला देव पावल्यासारखं वाटलं. तरी दर थोड्या वेळाने ती गॅलरीतून डोकवायची. पोर झाडाच्या आळ्यात बादली घेऊन माती कालवत होती. मुलांनी मातीत खेळावंच, असं हर्षाने कुठेतरी वाचलेलं होतं. ती निश्चिंत झाली.

सूर्य मावळायच्या सुमारास खालून अनुपभाऊंचा आवाज आला, "कोनी केलं हेऽऽ?"

अकोल्याच्या उन्हात काळी गाडी घ्यायला कोणी धजत नाही. कॉलनीतल्या सगळ्या गाड्या पांढऱ्या. आता एकही पांढरी उरली नव्हती. काचा, आरसे, नंबरप्लेट, सगळ्यांवर काळ्या मातीचा लेप. अनुपभाऊंच्या नव्या कोऱ्या गाडीवर तर कोपरापर्यंत हात माखलेली प्राजू शेवटचा थर देत होती.

"वहिनी, परवा आनली वो शोरूममधून! अजून हारबी सुकला नाई!"

"सॉरी भाऊ, मी आत्ता पुसून देते." हर्षा फडकं घेऊन धावली. "प्राजू! हे काय?"

"आपल्याकडे बैल नाई ना, आई."

शालिकराम जिना उतरून आले. "अनुप, चिखलच लावला, डांबर नाई. अन् सरावाचा मेसेज कोनी टाकला होता बापा?"

अडचण पाण्याची होती. नळ परवा येणार होता. बाकीच्यांनी गाड्यांकडे पाहिलं, टाक्यांकडे पाहिलं आणि गाड्या तशाच ठेवायचं ठरवलं. अनुपभाऊंनी मात्र इरेला पेटून पिण्याच्या पाण्याचे दोन जार मागवले, गाडी धुतली, वरून कोरड्या कपड्याने लख्ख पुसली.

आठ वाजले. दिवे गेले. उकाड्याने सगळी कॉलनी खाली उतरली. वर चंद्र होता. एरवी रस्त्याच्या दिव्यांत त्याच्याकडे कोण पाहतं? आता गच्च्या, टाक्या, झाडाचं पान अन् पान चांदण्यात उभं होतं. काळ्या मातीच्या गाड्या अंधारात कुठल्या कुठे विरघळल्या होत्या.

आणि मधोमध अनुपभाऊंची गाडी दुसऱ्या चंद्रासारखी झळकत होती.

"अनुपभाऊ," शेजारच्या माणिकबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्यापायी सारी कॉलनी दिसून रायली ना!"

"वरून पत्ता इचाराचं कामच नाई," कोणीतरी भर घातली. हशा पिकला.

तेवढ्यात फार उंचावर घरघर ऐकू आली. लुकलुकणारा एक ठिपका ताऱ्यांमधून सरकत होता.

"प्रवासी विमान असंन," मनोज पुटपुटला. हशा जिथल्या तिथे थांबला. म्हातारे, पोरं, बाया, सगळ्यांच्या माना वर. हर्षाला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. शालिकरामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. ते विमानाकडे नाही, लोकांकडे पाहत होते.

ठिपका गेला तरी कोणी हललं नाही. मग अंधारातून अनुपभाऊंचा खालच्या पट्टीतला आवाज आला. "प्राजू बेटा, माती उरली काय?"

"हाये काका. तिकडं झाडापाशी. मी आनतो."

हर्षाने तिला धरायला हात पुढे केला, पण पोर गेली होती. एकटी, त्या अंधारात, पायऱ्यांपलीकडे. हर्षाने जवळ होती ती मनोजची बाही घट्ट धरली.

बादली दोन्ही हातांनी ओढत प्राजू परत आली आणि अनुपभाऊंसमोर ठेवून म्हणाली,

"आधी आरसे घ्या, काका. ते लयच चमकते."